फोटोसाठी उचललेला मासा

फोटो मागणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मागितल्याबरोबर काढून देणाऱ्या बाईचा त्याहून जास्त येतो, आणि ती बाई मी स्वतःच असल्यामुळे तिच्याशी कट्टीही घेता येत नाही.

मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहते, आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा भल्या पहाटे गाडी काढून तीन तास उत्तरेला ट्राउट मासे धरायला जाते. एकटी जाते. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावायची, नदीच्या कमरेइतक्या वाहत्या पाण्यात उभं राहायचं आणि ती माशी माशाच्या नाकासमोर अलगद पडेल अशी फेकायची. लागला की जाळीत घ्यायचा, गळ काढायचा, सोडून द्यायचा. मी जाते त्या पट्ट्यात मासा घरी नेणं बेकायदाच आहे. नवरा म्हणतो, जा, फक्त पोचल्यावर मेसेज कर. आमच्या मराठी मंडळाच्या मात्र यातलं काहीच पचनी पडत नाही. बाई एकटी जाते काय, मासा धरते काय आणि सोडून देते काय!

मंडळात एक काका आहेत. निवृत्त इंजिनियर, तीस वर्षं इथे, कुठलाही कार्यक्रम असो, माइक त्यांच्याच हातात. गेल्या वर्षी गणपतीत मोदक वाढता वाढता भर पंगतीत मला म्हणाले, "काय गं, यंदा किती मासे? की नुसतंच ड्राइव्ह करून येतेस?"

"जूनमध्ये अठरा इंची लागला होता, काका."

"फोटो?"

"नाही काढला."

"मग झालं तर! फोटो नाही म्हणजे मासा नाही. इथे सगळ्यांचेच मासे अठरा इंची असतात यार."

पंगत खदखदून हसली. याच काकांचा जावई भाड्याच्या बोटीवर गेला होता, बोटवाल्याने गळ लावून दिला, बोटवाल्यानेच मासा वर ओढला, आणि तो मासा छातीशी धरलेला जावई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा झळकला. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, धरला कुणी? तिथल्या तिथे हे बोलायला हवं होतं. मी "हो ना काका" म्हणाले आणि वरणभात कालवत बसले. मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, हे एवढी विमानं बदलून इकडे आलं तरी अंगातून जात नाही. राग गिळला. आणि दुसऱ्या दिवशी, शहाणी मी, फोनसाठी छोटा ट्रायपॉड ऑर्डर केला.

मासे धरायला मला शिकवलं ते नदीकाठच्या गावात फिशिंगचं दुकान चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी. जिभेला हाड नाही, पण शिकवणं चोख. माशाला हात लावण्याआधी हात ओले कर, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. पोट दाबू नको. कल्ल्यांत बोट घालू नको. पाणी तापलं की घरी जा, तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. फोटो हवाच असेल तर मासा जाळीत, पाण्यातच राहू दे आणि वरून काढ. उचललाच, तर तूही श्वास रोखून धर. तुला श्वास घ्यावासा वाटला म्हणजे त्याची वेळ संपली. आणि एकटी असशील तेव्हा तर उचलूच नको, कारण एका हातात मासा आणि दुसऱ्या हातात फोन, यात मार माशालाच बसतो. हे सगळं मला पाठ होतं. तेव्हा 'अगं, तुला कुठे माहीत होतं' असं म्हणून माझी समजूत घालायला कुणी येऊ नये.

या जुलैत गेले तेव्हा उकाडा होता. सकाळी नऊला दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, तर सदुसष्ट फॅरनहाइट. अडुसष्टला थांबायचं असा नियम. साडेदहाला ऊन थेट पाण्यावर आलं, तेव्हा मी थर्मामीटर पुन्हा बुडवलाच नाही. आकडा काय येणार ते मला माहीत होतं, म्हणूनच बुडवला नाही.

अकराच्या सुमाराला, पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्याखालून तो आला. ब्राउन ट्राउट, चांगला वीस इंची. लोण्यासारखं पिवळट पोट, अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. दहा मिनिटं त्याने मला खालच्या वळणापर्यंत नाचवलं. जाळीत आला तेव्हा आम्ही दोघंही थकलो होतो. गळ सहज निघाला. तिथेच जाळी वाकवून त्याला जाऊ दिलं असतं तर तो आज त्या ओंडक्याखाली असता.

पण मला पंगत आठवली. मी जाळी काठाजवळच्या दगडांत अडकवली, मासा तिच्यात, आणि वाळूवर ट्रायपॉड उभा केला. फोनमध्ये दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो काढणारं ॲप आहे, ते चालू केलं. मासा उचलला. माझं डोकं फ्रेमबाहेर जात असेल असं वाटलं म्हणून गुडघ्यावर बसले. मग आठवलं, गॉगल डोळ्यांवरच राहिलाय, काका म्हणतील ही कोण बाई. मासा जाळीत ठेवून गॉगल काढला, पुन्हा उचलला. तो वळवळला, निसटायला लागला, तेव्हा मी हात आवळले. पोटावरच आवळले. आणि हसत राहिले.

सोडला तर तो आडवा झाला. मी लगेच त्याला शेपटीशी धरलं, दुसरा हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे, जसं शिकवलं होतं तसं. कल्ले हलत होते. मग थांबून थांबून हलायला लागले. "चल ना रे, चल ना," मी मिशिगनच्या माशाला मराठीत विनवत होते. वीस मिनिटं तरी तशी बसले असेन, पायांना मुंग्या आल्या. तो माझ्या हातात मेला.

मी सिंधुदुर्गातली. मासा मारण्याचं मला काडीचं वाटत नाही, दर शुक्रवारी घरी सुरमई तळते. आईने माशाचं डोकंसुद्धा कधी वाया घालवलं नाही, त्याचं वेगळं कालवण व्हायचं. पण त्या पट्ट्यात मेलेला मासाही उचलून नेता येत नाही. एवढा देखणा मासा, तो खायचाही नाही आणि जगलाही नाही. पाण्यात ठेवला आणि वाहून जाऊ दिला. आईला ही गोष्ट मी फोनवर सांगितलेली नाही, सांगणारही नाही. कोळ्याने मारला तर चार माणसं जेवतात. मी कशासाठी मारला?

आणि तरीही संध्याकाळी त्यातला एक फोटो मी ग्रुपवर टाकला. माझी मलाच चीड येते, पण टाकला. वाटलं, जीव गेलाच आहे तर निदान त्या पंगतीची तोंडं तरी बंद होऊ देत. भराभर बदाम आले. एका मावशींनी विचारलं, "सोडलास ना गं बिचाऱ्याला?" मी लिहिलं, "हो." काकांनी लिहिलं, "वा! आता मानलं. मंडळाच्या कॅलेंडरमध्ये हाच टाकू. मोठ्या साइजमध्ये पाठव."

मोठ्या साइजचा काढायला म्हणून लॅपटॉप उघडला आणि सगळे फोटो पहिल्यांदाच ओळीने पाहिले. तीन मिनिटांहून जास्त वेळ फोन टिपत राहिला होता. सुरुवातीला माशाचे पर ताठ आहेत, पुढे पुढे ते लोंबतात, तोंड उघडं पडतं. माझं हसू मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच, जरासुद्धा ढळत नाही. असल्या हसण्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आणि मग शेवटचे चार फोटो. मी फोन हातात घेऊन बंद करेपर्यंत ॲप चालूच होतं, त्यामुळे मासा सोडल्यानंतरचेही आले. त्यांत मी फोनकडे चालत येते आहे, वाकते आहे, फ्रेमभर माझा चेहरा. फोटो नीट आले का ते बघते आहे. पाठीमागे, माझ्या कानाच्या बाजूला, पाण्यावर पांढरं पोट.

मी 'लगेच' धरलं, असं वर लिहिलंय. मला तसंच आठवत होतं. प्रत्यक्षात आधी मी फोटो बघितले.

काकांना तोच शेवटचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. "अगं, चुकून भलताच आला वाटतं. फेस मस्त आलाय तुझा, पण यात मासा कुठंय?"

"मागे बघा काका. उलटा तरंगतोय. फोटोच्या नादात मेला तो."

ते मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "अगं, मग ग्रुपवरचाच छापू की. त्यात जिवंत दिसतोय."

"नाही," मी म्हटलं. "तो छापायचा नाही."

काकांना मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणत होते. फोन ठेवला, ग्रुप उघडला आणि मावशींना लिहिलं की मी मघाशी खोटं बोलले, मासा मेला, माझ्यामुळे मेला. मावशींनी ते वाचलेलं दिसलं.