शिडाला खळ

माझ्याकडे याट, म्हणजे हौशीची शिडाची होडी, होती, हे वाक्य मी डहाणूत जपून बोलतो, कारण ऐकणारा लगेच विचारतो, "चालते का?" मुंबईच्या एका गृहस्थांनी ती मला विकली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी चांगल्या घरी पडल्याचं समाधान होतं. मी चिकूच्या वाडीचा मालक, धड पोहता येत नाही, आणि निघालो समुद्र जिंकायला.

२०१७च्या दिवाळीनंतर बायकोला पहिल्यांदा तिच्यात बसवलं. वारा अगदी मंद होता. किनाऱ्यावरच्या आगर गावासमोर होडी जी थांबली ती थांबलीच. शेवटी मच्छीमारांच्या बोटीनं दोर टाकून, अडून बसलेला बैल ओढावा तसं आम्हाला खाडीत आणलं. धक्क्यावरची माणसं हसली, त्याचं काही नाही. बायको हसली नाही, ते लागलं. उतरताना एवढंच म्हणाली, "अजून एकदा येईन. तेव्हाही असंच ओढून आणावं लागलं, तर पुन्हा मला विचारू नका." मला समुद्रावर सोबत हवी होती ती तिचीच. दुसरं कोण यायला तयार होतं म्हणा.

मंद वाऱ्यात डोलकाठीच्या पुढे एक हलकं तिकोनी शीड जास्तीचं लावतात, असं मी वाचलं होतं. याटबरोबर आलेलं जुनं शीड होतंच, पण ते गच्चीवर होतं आणि त्यावर बायकोच्या चिकूच्या फोडी वाळत होत्या. फोडी परातीत काढल्या, मुंग्या मात्र शिडावरच राहिल्या. ओसरीत खडूनं तिकोन आखून कापला. चारोटीला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून कडा दुमडून शिवून घेतल्या आणि कोपऱ्यांत पितळी कड्या ठोकून घेतल्या. "गाडी कुठली, शेठ?" त्यानं विचारलं. होडी म्हटल्यावर त्यानं माझ्यासाठी चहा मागवला, बहुधा कीव येऊन.

इथवर सगळं ठीक होतं. पण इथे थांबलो तर तो मी कसला. कापड जुनं, वापरून वापरून पार मऊ पडलेलं, मला ते बघवेना. आमच्या घरात कपडा म्हणजे कडकच हवा. वडील शेतावरसुद्धा खळ घातलेलं धोतर नेसून जायचे. मग गंजाडच्या आमच्या शेतातल्या तांदळाची पेज काढली आणि शिडाला चांगली दाट खळ घातली.

"अहो, शिडाला कोण खळ घालतं?" बायको म्हणाली.

"तुला साड्यांतलं कळतं, वाऱ्यातलं नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वाळल्यावर शीड पत्र्यासारखं वाजायला लागलं आणि मी खूश. व्यवस्थित घडी घालून संध्याकाळीच होडीत नेऊन ठेवलं. रात्री त्यावर दव पडलं. सकाळी बायकोला घेऊन आगरसमोर पोचलो, वारा पुन्हा तसाच मेलेला. शीड उघडायला गेलो, तर घडीला घडी चिकटलेली, ओल्या पापडांची चवडच. हिसका द्यावा तर शिवण उसवायची भीती. लांबवर मच्छीमारांची तीच बोट दिसत होती. तिला हात करावा का, असा विचार करत मी उभा होतो आणि खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं.

बायकोनं पदर खोचला, गठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि काठावरून समुद्रात बुडवून धुणं खळबळावं तसा खळबळायला लागली. पेजेचं पांढरं पाणी होडीभोवती पसरलं. एकेक घडी सुटत गेली. तिनं शीड पिळलं, झटकलं आणि माझ्याकडे दिलं. "लावा आता."

ओलं शीड वर चढवलं. उन्हानं ते सुकत गेलं, पुन्हा पहिल्यासारखं मऊ पडलं, आणि वाऱ्याच्या जेमतेम झुळकेनं त्याचं पोट भरलं. होडी सरकली. आगर हळूहळू मागे पडलं, मच्छीमारांची बोटही मागे पडली. आहे ती अब्रू घेऊन घर गाठावं म्हणून मी सुकाणू वळवायला लागलो.

"कुठे निघालात?"

"घरी."

शिडाचा दोर तिच्या हातात होता. तो काही तिनं सोडला नाही.

"एवढ्यात कशाला?" ती म्हणाली. "जाऊ द्या की पुढे."