फोटोतला वंशाचा दिवा

चार मुलींच्या पाठीवर मुलगा झाला तेव्हा आत्याने अख्ख्या आळीला साखर वाटली. आमच्या वेळी काय वाटलंस, असं मी तिला एकदा विचारलं. "कपाळ!" म्हणाली.

ही आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती चौलला आमच्याकडेच असायची आणि घर तिच्या मुठीत होतं. बाबा परदेशी बोटीवर खलाशी. भाऊ आईच्या पोटात असताना ते जे गेले, ते अडीच वर्षं परतले नव्हते. वंशाचा दिवा पेटला खरा, पण बापानेच तो बघितला नव्हता. म्हणून आत्याने फर्मान काढलं, अलिबागला जाऊन सगळ्यांचा फोटो काढायचा आणि बाबांना पाठवायचा.

झालं! लग्नघर परवडलं. दिव्यासाठी मास्तरांच्या मुलाचा मखमली कोट आणि जरीची टोपी मागून आणली, आईसाठी शेजारणीची ठुशी. माझ्या तिघी बहिणींच्या डोक्यावर एवढं खोबरेल थापलं की कानामागून ओघळ यायला लागले. वर पावडर अशी फासली की तिघी पिठाच्या डब्यातून काढल्यासारख्या दिसत होत्या. माझ्यावर तेल वाया घालवायचा प्रश्नच नव्हता. मी शेंडेफळ मुलगी, पाच वर्षांची, नुकतीच टायफॉइडमधून उठलेली. अंगाची सुकट झाली होती आणि डोक्याचा चकोट केला होता. मी जगते की मरते अशी वेळ आली तेव्हा मास्तरांकडून बाबांना तसं पत्र लिहवून घेतलं होतं. बरी झाल्याचं कळवायचं मात्र राहून गेलं. चौथी मुलगी बरी झाली, ही काय कळवायची बातमी?

"फोटो निघंपर्यंत कोनी काय खायाचं न्हाय. कपडे खराब व्हतील," असा आत्याने दम दिला. हा नियम अर्थात मुलींना. दिवा एस.टी.त बसल्यापासून लाडू हाणत होता आणि आम्ही चौघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

फोटोवाल्याच्या पडद्यावर बंगला, कारंजं आणि संगमरवरी जिना रंगवलेला होता. आमच्यापैकी कुणी जन्मात जिना चढलं नव्हतं. फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घातलं मात्र, दिव्याने असा काही टाहो फोडला की रस्त्यावरची माणसं दारात जमली. खुळखुळा वाजवला, फोटोवाल्याने कावळ्याचा आवाज काढला, आत्याने आणखी एक लाडू कोंबला. तो लाडू आधीच्या सगळ्यांना घेऊन फोटोवाल्याच्या चपलांवर उलटला. कोट तेवढा वाचला. मग दिवा जमिनीवर पडून लाथा झाडायला लागला.

"बाई, पोर हललं की फोटोची काच फुकट जाते," फोटोवाला वैतागून म्हणाला. "पुन्हा कधीतरी या."

पुन्हा कुठलं? कोट आणि ठुशी दुसऱ्या दिवशी परत करायची होती. आत्या इकडेतिकडे बघायला लागली आणि तिची नजर माझ्या चकोटावर थांबली. बघता बघता माझा फ्रॉक उतरला, अंगात कोट चढला, डोक्यावर टोपी बसली.

"वन्सं, अहो, ही कशी चालेल?" आई म्हणाली.

"न चालाया काय झालं? बापानं पोराला बघितलाय कुठं?"

"पण मग ही फोटोत दिसायची नाही."

"चारांतली एक पोर कमी दिसली, तर कोन मोजाया बसलाय?"

आईने पदर सावरला. मी तिच्या मांडीवर बसले. दिवा जन्मल्यापासून ती जागा मला मिळाली नव्हती, त्यामुळे मी इतकी शहाण्यासारखी बसले की फोटोवाला खूश झाला. फोटो हातात आला तेव्हा आत्या म्हणाली, "नाक बघा, हुबेहूब बापाचं!" माझ्या नाकाचं त्या घरात झालेलं हे पहिलं कौतुक. सोबत मास्तरांनी चार ओळी लिहून दिल्या, त्याही दिव्याबद्दलच.

बाबा आले ते वर्षभराने. तोवर माझे केस वाढून मानेवर आले होते. अंगणात आळी जमली. बाबांनी ट्रंक उघडून दिव्याला चावीची मोटार दिली. मग एकाच कापडाचे फ्रॉक काढले. थोरलीला एक, दुसरीला एक, तिसरीला एक. ट्रंकेचं झाकण बंद झालं.

माझं डोकंच फिरलं. टायफॉइडने नेलं नाही, फोटोतून हाकललं, आणि आता फ्रॉकही नाही! मी पाय आपटत पुढे झाले आणि ओरडले, "माझा कुठंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "ही कोनाची?"

"अहो, असं काय करता? आपलीच ना. शेवटची."

बाबा मटकन ट्रंकेवर बसले. त्यांनी मला ओढून घेतलं. माझं तोंड, हात, केस चाचपून बघितले, आणि तो दांडगा माणूस सगळ्या आळीसमोर हुंदके देऊन रडायला लागला. मी घाबरून गेले. फ्रॉकचं विसरलेच.

"तापाचं पत्र आल्तं," ते आईला म्हणाले. "मग त्यो फोटो आला. मला वाटलं, पोर गेली आन् माझ्यापासून लपवलंत."

"अरं, फोटोत चारी न्हायत, हे तुझ्या ध्यानात आलं?" आत्याने विचारलं.

"मोजल्या ना," बाबा म्हणाले. "रोज मोजायचो."