सोडून दिलेले चाळीस प्रश्न

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही बाई. सांगते—मध्येच थांबले तर समजून घ्या.

कशेळ्याजवळ माझं माहेर. दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली, माझ्याच वयाची. मला मुद्दाम चिडवायला ‘वन्सं’ म्हणायची, मग दोघी खिदळत बसायचो. खरं सांगू? तोवर मला जिवाची अशी मैत्रीण नव्हतीच.

तिला एमबीए करायचं होतं. पुण्याला, सरकारी कॉलेजात, होस्टेलवर राहून. त्यासाठी सीईटी द्यावी लागते. दादाची हरकत नव्हती. बाबा मात्र फार मिनतवारीनं तयार झाले, तेही एका अटीवर—“एकदाच बस. लागला नंबर तर जा, नायतर विषय बंद.”

मी ती परीक्षा दोनदा देऊन आपटले होते. म्हणजे घरातली तज्ज्ञ मीच! दुपारी भांडी आवरली की दोघी पडवीत बसायचो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभर जण रांगेत उभे केले तर आपल्या मागे किती उरतात ते—हे मीच तिला समजावलं. किती पटकन कळायचं तिला! मला दोन वर्षांत जे उमगलं नाही ते तिला पंधरा दिवसांत. मला कौतुक वाटायचं. आणि पोटातही दुखायचं, दोन्ही एकदमच.

एका दुपारी तिनं विचारलं, “वन्सं, येत नाय त्या प्रश्नाचं काय करायचं हो?”

आता ऐका. त्या परीक्षेत चुकलं म्हणून मार्क कापत नाहीत. येवो न येवो, कुठलं तरी उत्तर निवडायचं, रिकामं काही ठेवायचं नाही. मला हे पक्कं माहीत होतं—आणि मी म्हटलं, “सोडून द्यायचा. चुकलं की मार्क कापतात.”

का म्हटलं? ती गेली तर दुपारी मी कुणाशी बोलणार, हे मनात होतं. ती माझ्या पुढे जाईल, हेही होतं. पण चुकून बोलून गेले म्हणावं, तर पुढे महिनाभर तिचे सराव पेपर मीच तपासत होते—आणि लाल पेनानं मार्क कापत होते. मोबाईलवर शोधलं असतं तर मिनिटात कळलं असतं तिला. पण घरात मी असताना ती कशाला शोधेल?

केंद्र पनवेलला आलं. सोबत मीच गेले. बाहेर आली ती हसतच. म्हणाली, “आधी सूचना वाचायला येळ देतात, तेवढा येळ मी डोळे मिटून बसले. तुमी सगळं सांगितलंच होतं ना.” चाळीस प्रश्न तिनं सोडले होते. नंबर थोडक्यात हुकला. बाबांनी विषय बंद केला.

आणि मी? वर्षाच्या आत माझं लग्न झालं. जिला जाऊ दिलं नाही, तिला तिथंच टाकून मी खालापूरला आले! इथं सगळं आहे हो. सासर चांगलं आहे, शेजारणी आहेत. पण दुपार झाली की जीव तिकडे ओढतो. ती पडवी, तिच्या पेन्सिलीचे चावलेले शेंडे, माझ्या खांद्यावरून पेपरात डोकावणं... फार आठवण येते तिची. आठवण काढायचा मला हक्क तरी आहे का?

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. बाबा आता थकलेत, तिची मुलगी शाळेत जायला लागलीय. म्हणाली, “परत बसावं म्हणते. वयाची अट असते का हो, वन्सं?”

अट नसते. पण ती परत बसली आणि या वेळी सूचना वाचल्या, तर तिला सगळं कळणार होतं.

मी म्हटलं, “असते गं. आपलं वय कधीच उलटलं.”

तिनं लगेच मानलं.