मन्मथअप्पांचा रविवार

एखादा लेखक आपल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आला, की मन्मथअप्पा आधी त्याला पाण्याचा तांब्या देत. मग गठ्ठ्यातली एक प्रत काढून घेत आणि म्हणत, "रविवारी या. तवर वाचून ठेवतो." रविवारी दुपारी लेखक आला की त्याला गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसवायचं, चार गिऱ्हाइकांच्या देखत त्याच्याच पुस्तकातलं पान उघडायचं आणि विचारायचं, "हे पाहिलाव, का ऐकलाव, का रचलाव?"

लातूरच्या गंजगोलाईतून आत वळणाऱ्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. चालायचं ते शाळेच्या पुस्तकांवर आणि वह्यांवर. कथा-कादंबऱ्या मागच्या फळ्यांवर. मी हदगावहून मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, तेव्हा खोली शोधत फिरताना आडनाव सांगितलं की दारं अर्धीच उघडी राहायची. त्या दिवसांत सावलीला म्हणून या दुकानात शिरले. अप्पांनी आडनाव विचारलं नाही. "काय वाचता, बाई?" एवढंच विचारलं, आणि स्टूल पुढे सरकवलं. तेव्हापासून माझे रविवार तिथे जाऊ लागले.

त्यांच्या त्या प्रश्नाला लेखक घाबरत, तरीही येत. उदगीरच्या एका तरुण कवीने आईच्या मरणावर फार चांगली कविता लिहिली होती. अप्पांनी विचारल्यावर त्याने मान खाली घातली. "रचलंय अप्पा. आई हाय घरी." दुकानात हशा पिकला. अप्पा तेवढे हसले नाहीत. "हसायलाव कशाला? आई समोर भाकरी थापत असताना ती गेल्याची कविता लिहायची, म्हणजे काळीज लागतंय. रचलाव तर रचलाव. फक्त कुणी विचारलं तर रचलं म्हणावं." त्या कवीचं पुस्तक त्यांनी पुढे वर्षभर प्रत्येकाच्या हातात कोंबलं.

उलट एका निवृत्त तहसीलदारांनी आठवणी लिहिल्या होत्या आणि सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे असं ते छातीवर हात ठेवून सांगत होते. अप्पा म्हणाले, "सगळं खरं असंल साहेब. पण एवढ्या जाड पुस्तकात तुमची एकदाबी चूक झाली न्हाई. असं कसं?" तहसीलदार गठ्ठा उचलून निघून गेले.

यातले पुष्कळ प्रश्न मुळात काकूंचे असत, हे मला उशिरा कळलं. अप्पांच्या पत्नी गंगाबाईंना वाचता येत नव्हतं. दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. संध्याकाळी जेवणं झाली की अप्पा येत्या रविवारचं पुस्तक त्यांना मोठ्याने वाचून दाखवत. काकू निवडणं-टिपणं करत ऐकत आणि मध्येच विचारत, "ह्या बाईचं पुढं काय झालं? ह्यानं सांगितलंच न्हाई की." रविवारी अप्पा नेमकं तेच लेखकाला विचारत. काकू मात्र त्या वेळी दुकानात येत नसत. आतल्या दाराच्या पडद्यामागे बसून ऐकत.

त्यांना एक मुलगी होती, शिवकांता. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात ती गेली, एवढंच गल्लीला ठाऊक होतं; बाकीचं मला पुढे कळलं. त्या वर्षी वह्या-पुस्तकं कोण घेणार? दुकानाला कुलूप घालून अप्पा अहमदपूरकडच्या रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून म्हणून गेले. हजारभर माणसं खडी फोडत होती. काकू आजारी आईजवळ माहेरी होत्या आणि मुलगी बापाबरोबर कामावरच्या झोपडीत. तिला ताप आला आणि ती गेली. काकूंना निरोप पोचला तोवर तिची माती होऊन गेली होती. त्यावर दोघं नवरा-बायको कधी बोलले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्या घरात शिवकांता हे नाव ऐकलं नव्हतं.

मग लातूरचा जिल्हा झाला. कमानी उभ्या राहिल्या, पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहिलं गेलं, मिरवणुका निघाल्या. कचेऱ्यांसाठी जागा शोधत साहेबलोक गल्लोगल्ली फिरत होते. त्याच दिवसांत नांदेडहून देविदासराव आपली नवी कादंबरी घेऊन आले. ते प्राध्यापक होते, पण दुष्काळात कॉलेजचे विद्यार्थी असताना त्याच रस्त्याच्या कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना मिळणारा सरकारी पौष्टिक खाऊ, वाटायला आले होते. अप्पांची ओळख तिथली. कादंबरीही त्याच दुष्काळावर होती.

अप्पांनी ती काकूंना वाचून दाखवायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबवली. "पुढं काय न्हाई त्यात," म्हणाले. दुसऱ्या दिवशी अप्पा बँकेत गेले असताना काकूंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "बाई, हितून पुढं वाचा जरा."

मी वाचू लागले. कामावरचा एक कारकून असतो. त्याची लहान मुलगी झोपडीत तापाने फणफणलेली असते. निरोप येताच तो हजेरीचा कागद फेकून देतो, खडीतून अनवाणी पळत सुटतो, तिला मांडीवर घेतो. ती "अण्णा" म्हणते आणि त्याच्या मांडीवरच डोळे मिटते. मला काही माहीत नव्हतं. मी वाचत गेले. काकूंचे हात सुपात थांबले होते. त्या म्हणाल्या, "आमची शिवूबी अण्णाच म्हणायची." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मांडीवर गेली म्हणजे. मला वाटायचं एकटीच गेली."

त्या आठवड्यात काकू वेगळ्याच दिसत होत्या. शेजारणींना शिवूच्या खोड्या सांगत होत्या. एका संध्याकाळी त्यांनी अप्पांना दुधाचा पेला दिला आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "तुम्ही पळत गेलाव, हे कवा सांगितलं न्हाई मला." अप्पांनी पेला खाली ठेवला. दूध तसंच राहिलं.

रविवारी दुकान भरलं होतं. नव्या जिल्ह्याचा उत्साह होता, कुणी पेढे आणले होते. देविदासराव खुर्चीवर बसले. अप्पांनी भाषेबद्दल विचारलं, मुकादमाबद्दल विचारलं, सुकडीबद्दल विचारलं. आपला नेहमीचा प्रश्न मात्र विचारला नाही. पुस्तक मिटलं आणि चहा सांगायला म्हणून ते उठले.

तेवढ्यात पडदा सरला आणि काकू दुकानात आल्या. माणसं उठून बाजूला झाली. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि देविदासरावांना विचारलं, "भाऊ, ती कारकुनाची लेक. ते पाहिलाव, का ऐकलाव, का रचलाव?"

देविदासरावांनी अप्पांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाहिलं, वहिनी. मी तिथंच होतो."

काकूंनी हात जोडले. तिथेच सगळं संपलं असतं. कुणाचं काहीच बिघडलं नसतं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "रचलंय त्यांनी."

"अप्पा, राहू द्या," देविदासराव उठून उभे राहिले.

"कसं राहू देऊ? तिनं विचारलंय." अप्पा काकूंकडे बघून बोलू लागले. आवाज अगदी रोजचा होता. "साहेब तपासणीला यायचे होते. हजेरी चालू होती. एक बाई सांगत आली, पोरीला झटके यायलेत. मी म्हणलं, आलो. ती परत आली. मी म्हणलं, आलोच. मागं बायांची लाइन होती. हजेरी अर्धी टाकून गेलो असतो तर त्यांचा दिवस बुडत होता, धान्य बुडत होतं. असं मला तवा वाटलं. आता वाटतंय, साहेबाचं भ्या वाटलं असंल. कोणतं खरं, मलाबी समजत न्हाई. मी पुरी हजेरी घेतली. मग गेलो. पळत न्हाई, चालत. तिच्यावर कुणीतरी लुगडं टाकलं होतं."

काकू आत गेल्या. देविदासराव संतापाने म्हणाले, "दहा वर्षांनी त्या माउलीला जरा बरं वाटलं होतं. तुम्हाला काय मिळालं हे सांगून?"

"काय न्हाई," अप्पा म्हणाले. "पण ती माझ्यावर खुश व्हायली होती. ते मला गिळंना."

दुसऱ्या दिवशी काकू भावाकडे अहमदपूरला निघाल्या. एसटी स्टँडवर त्यांची पिशवी धरून मी होते. बस लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, त्यांना एवढंच विचारा. लुगडं टाकणारी कोण होती? तिनं तरी पोरीला जवळ घेतलं होतं का?"

मी विचारलं. अप्पा रस्त्याकडे बघू लागले. "मी कवा विचारलंच न्हाई कुणाला," म्हणाले.

पुढच्या रविवारी दुकान बंद होतं. त्यानंतर रविवारी ते कधी उघडलंच नाही. लेखक यायचे, कुलूप बघून परत जायचे. अप्पा मिळेल त्या बसने अहमदपूरच्या आसपासच्या गावांतून फिरायचे आणि दुष्काळी कामावर गेलेल्या बाया शोधायचे. कुणी मुंबईला गेलेली, कुणी मेलेली. कुणाला त्या कामावर किती पोरं गेली हेही आठवत नव्हतं, मग एका पोरीचं काय आठवणार? काहींनी त्यांना दारातूनच हाकललं. कारकून म्हणून ओळखलं, ते चांगल्यासाठी नाही. ते सोमवारी परत येऊन दुकान उघडत. खोकला लागला होता. मी म्हणायचे, दवाखान्यात चला. "फुरसत न्हाई, बाई."

दोन-अडीच वर्षांनी त्यांना ती बाई सापडली. पाठीत वाकलेली, एका डोळ्याने अधू. ते तिला घेऊन काकूंच्या दारात गेले आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसले. दोघी आत काय बोलल्या, त्यांना कळलं नाही. दिवस कलल्यावर काकू बाहेर आल्या. "हातपाय धुवा. वाढलंय," म्हणाल्या. अप्पा जेवले. काकू काही परत आल्या नाहीत, पण महिन्यातून एकदा अप्पा जेवायला जात राहिले. मला एवढंच म्हणाले, "मी विचारलं न्हाई. ते तिचं हाय."

त्या हिवाळ्यात अप्पा गेले. मातीला चार-दोनच लेखक होते. देविदासराव नांदेडहून आले आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिले. काकूंनी त्यांना पुढे बोलावलं. देविदासरावांनी खड्ड्यात मूठभर माती टाकली आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "वहिनी, दुसरी आवृत्ती निघणार आहे. ते प्रकरण मी काढून टाकतो. नाहीतर जसं झालं तसं लिहितो."

काकूंनी मान हलवली.

"नका भाऊ. हाय तसं राहू द्या. पुस्तकात तरी तिचा बाप येळंवर येऊ द्या."