पालखी जड झाली तेव्हा

मी काही फार देवभोळा माणूस नाही. सामन्याआधी मैदानाच्या रेषेला हात लावून तो कपाळाला लावायचा, एवढीच माझी भक्ती. फुटबॉलमध्ये बचावात खेळणाऱ्याने देवापेक्षा समोरच्या स्ट्रायकरवर डोळा ठेवावा, असं मी मित्रांना ऐटीत सांगायचो. पण यंदाच्या चैत्रात माझी पाचावर धारण बसली होती. क्लबशी असलेला माझा करार हंगामाबरोबर संपत होता आणि रविवारचा शेवटचा सामना बघून पुढचं ठरवू, असं कोचनी सांगितलं होतं. नेमक्या त्याच वेळी माझ्या डाव्या पायात, करंगळीच्या मागच्या हाडात, तीन आठवड्यांपासून कळ मारत होती.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सरावानंतर फिजिओ पाय दाबून बघायचे तेव्हा मी दात आवळून हसायचो. माझ्या जागेवर खेळू शकेल असा एक मुलगा संघात होता. खेळायला चांगला, स्वभावाने त्याहून चांगला, त्यामुळे त्याचा धड रागही येत नसे. एक सामना बाहेर बसलं की जागा जाते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी स्वतः अशीच एकाची जागा घेतली होती.

त्यातच शुक्रवारी उरणजवळच्या मोऱ्याला, आमच्या गावी, गावदेवीची पालखी होती. पालखीचा पुढचा डावा खांदा हा आमच्या घराचा मान. दरवर्षी बाबा धरायचे, पण यंदा त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मान माझ्याकडे आला. देवळापासून जेट्टीपर्यंत अनवाणी जायचं आणि वाटेत आपला खांदा घरच्याशिवाय कोणाला द्यायचा नाही, अशी रीत आहे. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि गावात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत क्लबमध्ये पोचणार. शिवाय माझ्या मनात एक सौदा होता, तोही कबूल करतो. मी तुझी पालखी वाहतो, तू मला रविवार काढून दे. सकाळी दुखणं थांबवायच्या दोन गोळ्या घेतल्या आणि खांदा दिला.

अर्ध्या वाटेपर्यंत निभावलं. डांबर तापलेलं, गुलालाने डोळे चुरचुरत होते, आणि प्रत्येक पावलाला हाडात खिळा ठोकल्यासारखं होत होतं. मी पावलं मोजायला लागलो. वीस झाली की पुन्हा एकपासून. माझ्या मागे बाबा रिक्षात बसून येत होते, त्यामुळे लंगडायचीही सोय नव्हती. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडीपाशी वळण आलं आणि तिथे पालखी जड झाली.

देवीच्या मनात काही असलं की पालखी जड होते, हे लहानपणापासून ऐकलेलं आणि हसण्यावारी नेलेलं. आता दांडा खांद्यात रुतत होता. बाकीचे तिघे माझे चुलतभाऊ, रोज जाळी ओढणारे गडी. त्यांच्यातला एक मागून पुटपुटला, "पाय उचलत नाय रं." वाजंत्री थांबली. पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या भगतांनी नारळ फोडला. पालखी हलेना. मग त्यांनी रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "कोनाचा काय चुकला हाय, बोला!"

माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. कोणीतरी दुसरा काहीतरी कबूल करेल आणि मी सुटेन, अशी मी चक्क आशा करत होतो. तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या माणसांतून एक जण पुढे आला. उरणच्या गोदामात माल चढवणारा, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. त्याने देवीकडे पाहिलं नाही, माझ्या पायाकडे पाहिलं.

"गड्या, पाय टेकत न्हाई तुझा. किती दिस झालं?"

आत्ताच मुरगळला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. क्लबमध्ये याहून मोठ्या थापा मी मारल्या होत्या. पण दांडा खांद्यावर असताना ते ओठांवर येईना.

"तीन आठवडे," मी म्हणालो. "माझा चुकला. लपवला मी." आणि भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, मला रडू फुटलं.

तो माणूस खांदा घ्यायला सरसावला तशी भगतांनी काठी आडवी धरली. परक्याला मान कसा द्यायचा? तेव्हा बाबा रिक्षातून उतरले. छातीवर हात ठेवून चालत आले आणि म्हणाले, "घ्या दादा. देवीनी मानूस धाडलाय, त्याचा घर कशाला इचारायचा?"

त्याने खांदा घेतला आणि पालखी निघाली. माझ्या पायापायी अडली म्हणावं, तर बाकी तिघांचे पाय धडधाकट होते. नंतर मी त्यांना वेगवेगळं गाठून विचारलं. जड झाली होती, असंच तिघंही म्हणतात. मी त्यावर वाद घालत नाही. त्या माणसाने जेट्टीवर सरबत घेतलं आणि तो कामावर गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं, याची अजून लाज वाटते.

रिक्षातूनच मी कोचना फोन केला. संध्याकाळी एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर होती. आणखी एक सामना खेळला असतास तर हाड आरपार तुटलं असतं, पुन्हा या पातळीवर खेळायचं विसरावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अख्ख्या गावाला सांगितलास, मना सांगाया काय झालता?"

रविवारी मी प्लास्टर घालून प्रेक्षकांत बसलो. माझ्या जागी तो मुलगा खेळला, आणि फार सुरेख खेळला. करार त्याला मिळाला. मला मिळाला नाही. टाळ्या मी वाजवल्या, पण त्याच्या नावाने ओरडणं काही जमलं नाही, खोटं कशाला बोलू.

आता प्लास्टर निघालंय. नव्या क्लबच्या चाचण्या पावसाळ्यानंतर आहेत. घेतील न घेतील. पण रोज पहाटे मी धावतो आणि येताना देवळात जातो. मागायची सवय जुनी, त्यामुळे हात आपोआप पुढे होतात, आणि मग काय मागावं ते सुचत नाही. मी तिच्याकडे एक रविवार मागितला होता. तिने तो घेतला आणि मला पाय दिला.