अश्लेषाला झालेली शिक्षा

कलावतीबाईंना घाबरवणं सोपं नव्हतं. बडनेऱ्यात कुणाच्या न्हाणीघरात साप निघाला की आधी यांना हाक जायची. सून बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून नातीला सांभाळायला त्या जयपूरला मुलाकडे आल्या. मुलगा स्वप्नील रेल्वेत, फ्लॅट जगतपुऱ्यात. हिंदी येत नव्हती, पण भाजीवाल्याशी भांडण्यापुरती त्यांनी जमवून घेतली.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. आधी बाईंनाच खोकला लागला. साधं पडसं समजून त्या सहा वर्षांच्या अश्लेषाला आपल्याच ताटातले घास भरवत राहिल्या. तपासणीत तिघंही पॉझिटिव्ह निघाले. स्वप्नील तापाने फणफणला. बाईंना चार पावलं चाललं की धाप लागे. पण जिवाला घोर होता तो एकाच गोष्टीचा: पोरीला हे आपल्या हातून लागलं.

डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा स्वप्नीलचा डोळा लागला होता, म्हणून फोन बाईंनी घेतला. समोर आजीबाई पाहून डॉक्टर इंग्रजी टाळून चांगल्या शुद्ध हिंदीत बोलल्या. घोटाळा तिथेच झाला. बाईंच्या पदरात एकच वाक्य पडलं: "बच्ची के शरीर को अब शिक्षा मिल रही है।"

बाईंनी फोन ठेवून दिला. गुन्हा माझा आणि शिक्षा या लेकराला? पोरगी एका संध्याकाळच्या तापानंतर गादीवर उड्या मारत होती, पराठा मागत होती. तरी बाईंना धीर येईना. खरी शिक्षा अजून व्हायची असेल, असंच त्यांना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तेव्हा त्यांनी हात जोडले. "डाक्टरीणबाई, शिक्षा मले द्या. त्या पोट्टीनं काय केलं?"

डॉक्टर गोंधळल्या. अश्लेषा मात्र खो खो हसत सुटली. "आजी, शिक्षा मतलब पढ़ाई! पनिशमेंट नाही गं. स्कूलमध्ये असते ना, ती!"

मग डॉक्टरांनी सावकाश सगळं पुन्हा सांगितलं आणि अश्लेषाने अडखळत त्याचं मराठी केलं. मुलांच्या नाकातल्या पेशी आधीपासूनच जाग्या असतात. विषाणू शिवला रे शिवला की त्या आरोळी ठोकतात आणि लढायला लागतात. मोठ्यांच्या पेशी उशिरा जाग्या होतात, तोवर तो छातीपर्यंत पोचलेला असतो. सगळ्याच मुलांचं निभावतं असं नाही, म्हणून लक्ष ठेवायचं. पण या पोरीने निम्मी लढाई नाकातच मारली होती, आणि आता तिचं शरीर त्या शत्रूची ओळख शिकून घेत होतं.

"हिले लढाले कोनं शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"किसी ने नहीं," डॉक्टर हसल्या. "पैदा हुई, तब से आता है। पूरा तो हम भी नहीं जानते।"

बाई नातीकडे बघतच राहिल्या. हिची वेणी आपण घालतो, हिला न्हाऊ आपण घालतो, हिच्यातलं सगळं आपल्याला ठाऊक, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि ज्या आजाराने त्यांच्यासारखीला लोळवलं, त्याला हिने उड्या मारता मारता अडवलं होतं, स्वतःलाही पत्ता न लागू देता. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हणे आपण हिला सांभाळायला आलो! त्यांनी पोरीला कुशीत ओढलं, तिच्या इवल्याशा नाकाचे मुके घेतले आणि पोटभर रडून घेतलं.

"आजी, नाक सोड ना," अश्लेषा गुदमरत म्हणाली. "त्याला काम करू दे."