दिवाणखान्यातून जाणारी वाट

आमच्या मोठ्या दिरांना नाटकाचं भारी वेड. बँकेतली कारकुनी आटपली की माणूस नुसता दिग्दर्शक! पण त्यांचं नाटक थिएटरात नाही, घरच्याच दिवाणखान्यात. प्रेक्षक गाद्यांवर नि खुर्च्यांवर, आणि त्यांच्या पायांशी प्रयोग. कल्पना छान आहे हो, मी कुठं नाही म्हणते? पण स्वयंपाकघर आतल्या अंगाला, आणि बाहेर पडायचं दार एकच, तेही दिवाणखान्यात. प्रयोग सुरू झाला की आतला माणूस आतच. दोन तास कुकरची शिट्टी नाही, नळ नाही, शिंक आली तर तोंडात रुमाल कोंबायचा. एकदा सासरे अख्खा पहिला अंक न्हाणीघरात बसून होते, बिचारे.

आणि स्वयंपाकघरात कायम कोण? माझ्या जाऊबाई. तीस जणांचा चहा त्यांच्याच गळ्यात.

जाऊबाईंचा हात शिवणाचा. कापडाला कात्री लावली तर चिंधीसुद्धा फुकट जायची नाही. पण वीस वर्षं गेली ती शेजाऱ्यांचे कपडे आखूड-लांब करून देण्यात. मग गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातून निरोप आला. कापड बेतणारं माणूस हवंय, रविवारी पाचच्या ठोक्याला या, कापून दाखवा, जमलं तर सोमवारपासून कामावर. जाऊबाईंनी कात्रीला धार लावून आणली. "माझं स्वतःचं टेबल असेल गं," एवढंच आठवडाभर चाललं होतं.

त्या रविवारचा प्रयोग सहाचा. दिरांनी पाहुण्यांच्या सोयीसाठी तो साडेतीनवर आणला. "सव्वाचारला मध्यंतर आहे, तेव्हा निघ की तू," म्हणाले. आणि सव्वाचारला नाटक असं रंगलं, की गृहस्थांनी मध्यंतरच गाळलं!

माझं काम दाराच्या कडीपाशी बसायचं. प्रवेश चालू असताना कडी काढायची नाही, हा घरचा नियम. साडेचारला स्वयंपाकघराचा पडदा हलला. जाऊबाई पर्स घेऊन थेट प्रयोगात. दीर नवऱ्याची भूमिका करत होते. क्षणभर गडबडले, मग भूमिकेतच गरजले, "कुठं निघालीस?"

"कामाला."

"आणि चहा?"

"करून ठेवलाय."

लोक खो खो हसले. दिरांना चेव चढला. दारापुढे आडवे उभे राहिले, हात धरला, मनाला येतील ते संवाद म्हणू लागले. जाऊबाई रडकुंडीला आल्या. "अहो, सोडा मला, पाचला पोचायचंय!" काय अभिनय, म्हणून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. कडी माझ्या हाताशी होती. तरी मी प्रवेश संपायची वाट पाहत बसले. आग लागो त्या नियमाला आणि माझ्या भित्रेपणाला!

त्या सव्वापाचला पोचल्या. दुसरीच बाई टेबलापाशी उभी होती.

दीर वाईट नाहीत हो. माफी मागितली, दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "तो प्रवेश नाटकात ठेवूया का? लोक अजून त्याचंच बोलतायत." जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार.

आता दर रविवारी त्या पर्स घेऊन येतात, तेच "सोडा मला, पाचला पोचायचंय" म्हणतात, बायका डोळे पुसतात. मी वेळेवर कडी काढते. त्या बाहेर जाऊन नाटक संपेपर्यंत जिन्यात उभ्या राहतात आणि मग चहा द्यायला आत येतात.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. त्यांच्यामागून जिन्यात गेले नि कुजबुजले, "जाऊबाई, एकदा खरंच जा ना निघून. आतलं मी बघते."

त्यांनी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"आता कुठं गं? ते पाच केव्हाच वाजून गेले."